वैशाखातल्या महालक्ष्म्या

“बाई, तुमी अक्षता टाकल्या का काय?”

सोजराबाईने हे विचारलं तेव्हा तिच्या हातातलं पितळी ताट नुकतंच वाजायचं थांबलं होतं. मुखवटे दारातून आत येताना ताटावर चमचा वाजवायचा, हे धाकट्या सुनेचं काम. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती ते करत होती. आजही तिने ते मनापासून केलं होतं.

“टाकल्या ना,” सुभद्राबाई म्हणाली. “अक्षता टाकल्याबिगर त्या बसतीन कशा?”

माजघरात समोर पाटावर ज्येष्ठा आणि कनिष्ठा लुगडी नेसून बसल्या होत्या. चिंचेने घासलेले पितळी मुखवटे उन्हाच्या कवडशात झळकत होते आणि दोघींच्या कपाळावर तांदळाचे ओले दाणे चिकटले होते.

हे दाणेच सगळ्याचं मूळ. आमच्या भागात अक्षता पडेपर्यंत मुखवटा म्हणजे नुसतं पितळ. कोणी उचलावा, पुसावा, फडताळात ठेवावा. पण घरच्या मोठ्या सुनेच्या हातून अक्षता पडल्या की महालक्ष्म्या आल्या. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचं जेवण, तिसऱ्या दिवशी पुन्हा अक्षता टाकून निरोप. मधे त्यांना जागेवरून तसूभर हलवायचं नाही. आणि हे सगळं भादव्यात. इथे तर वैशाख चालू होता आणि बाहेर अंगणात पाय भाजत होते.

“मोठी माय,” वैजनाथ दारातून म्हणाला. “आपुन तर नुसती तालीम करून राह्यलो होतो ना व. क्यामेरा चालूच नोहता.”

“मंग चालू करायचा होता.”

“अवं, तालीम म्हंजे पयले एकदा खोटं खोटं करून पाह्यचं. मंग खरं.”

“देवाचं खोटं खोटं कसं करतेत रे?” सुभद्राबाईला खरोखर प्रश्न पडला होता. “तू म्हणला, दरसाली करते तसं कर. म्या तसंच केलं. अन् चांगलं झालं का नाई, सोजरे?”

“लय चांगलं झालं, बाई.”

“मंग आता पुन्यांदा ये ना व दारातून,” वैजनाथ म्हणाला. “एकच डाव.”

“पुन्यांदा?” सुभद्राबाईने कपाळाला हात लावला. “येऊन बसलेल्या बाईले कोणी म्हणते का, की ऊठ व, अन् पुन्यांदा आत ये?”

वैजनाथच्या मागे उभा असलेला भालचंद्र, पुण्याहून कॅमेरा घेऊन आलेला त्याचा मित्र, हलक्या आवाजात म्हणाला, “यांना समजावून सांग ना.”

“समजावू काय? ती बरोबर बोलते आहे,” वैजनाथ त्याच्याशी पुण्याच्या भाषेत बोलला. त्याला त्या घरात ती भाषा बोलताना ऐकलं की सोजराबाईला आपलाच मुलगा पाहुणा वाटायचा.

मग तिने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. “अन् आता भाऊजी आले म्हंजे त्यायले काय सांगाव?”

भाऊजी म्हणजे रंगराव, घराचे कर्ते. सुभद्राबाईचे यजमान, वैजनाथचे मोठेबाबा. ते सोनाळ्याला लग्नाला गेले होते आणि आज परत यायचे होते. मुखवटे त्यांच्या घरचे होते, पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. लग्नाला जाताना ती नव्या धोतराच्या गडबडीत खुंटीवर राहिली होती आणि सुभद्राबाईने ती खुंटीवरून काढून घेतली होती. का, तर वैजूने मागितलं आणि तिला नाही म्हणता आलं नाही.

*

वैजनाथला नाही म्हणणं सुभद्राबाईला कधीच जमलं नव्हतं. तिच्या दोन्ही पोरी सासरी गेल्या होत्या आणि दिराचा हा एकुलता मुलगा तिच्याच मांडीवर वाढला होता. तो नांदुऱ्याच्या शाळेत जाऊ लागला, गॅदरिंगच्या नाटकात काम करू लागला, तेव्हा त्याची दाढी तिने शेळीच्या केसांची केली, त्याचं घोंगडं तिने फाडून दिलं.

त्या नाटकाची गोष्ट गावात, वडनेरात, अजून सांगत. वैजनाथने आंधळ्या म्हाताऱ्याचं काम केलं होतं. म्हातारा मरायला टेकलेला, पाणी पाणी करतो आणि घरात देणारं कोणी नाही, असा तो प्रसंग. वैजनाथ पाण्यासाठी असा काही तडफडला की बायकांत बसलेली सुभद्राबाई उठली, मास्तरांच्या टेबलावरचा तांब्या उचलला आणि सरळ रंगमंचावर गेली. “घे रे बापा, पी,” म्हणाली. सारी शाळा हसायला लागली. पुढच्या रांगेत बसलेल्या रंगरावांनी मान खाली घातली. वैजनाथने मात्र डोळे उघडले नाहीत. चाचपडत तांब्या धरला, घोटभर पाणी प्यायला आणि म्हाताऱ्याच्याच आवाजात विचारलं, “कोण होय व तू, माये?” हसणारे गप्प झाले. मग टाळ्या पडल्या, त्या नाटकात नसलेल्या ओळीला.

त्या टाळ्यांनीच पोराच्या पायाला चाक लावलं, असं रंगराव म्हणत. अकोल्याला कॉलेजात गेला तर तिथेही नाटकंच. मग पुण्याला सिनेमा शिकवणारी मोठी संस्था निघाली आहे असं ऐकून तो नट व्हायला गेला. तिथल्या लोकांनी त्याचं काम पाहिलं, चेहरा चांगला आहे म्हणाले, पण भाषा गावाकडची आहे म्हणाले. परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला आणि सिनेमा कसा करायचा ते शिकायला बसला. शाळेतल्या नाटकातही पडद्यामागे गॅसबत्ती कुठे टांगायची, कोणी कोणत्या बाजूने यायचं, हे तोच ठरवायचा. ते कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं इतकंच.

या शिक्षणावरूनच दोन भाऊ वेगळे झाले. रंगरावांना वाटत होतं, पोराने शेतकीचं शिकावं आणि मळा धरावा. त्यांचा धाकटा भाऊ इंद्रभान याने आपल्या मुलाची बाजू घेतली. शब्दाला शब्द वाढला आणि एका घरात दोन चुली झाल्या. अंगण एक, विहीर एक, महालक्ष्म्या एक. पण मळ्यात मधोमध बांधाचा धुरा पडला आणि रंगरावांनी त्यानंतर धाकट्याच्या वाटणीत पाय ठेवला नाही.

आता शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलाने आपलं एक छोटं चित्र करून दाखवायचं होतं. त्यावर पास-नापास. वैजनाथने मागच्या खेपेला पुण्याला निघताना मोठेबाबांच्या पायाशी बसून शब्द दिला होता, हे चित्र पास झालं नाही तर गुमान परत येतो आणि मळा धरतो. त्याने चित्रासाठी धरली ती आपल्या घरातली, वर्षातून एकदा पाहुण्यांना आत आणणारी बाई. दारातून मुखवटे घेऊन येणारी मोठी माय, हा त्या चित्राचा जीव होता. कॅमेरा भादव्यात मिळेना, वैशाखात मिळाला. तोही मोजक्या दिवसांसाठी.

*

“दुसरे मुखवटे मिळतील ना?” लिंबाखाली बसल्यावर भालचंद्रने विचारलं. “नांदुऱ्याला, खामगावला?”

“मुखवटे मिळतील. अशी मोठी माय कुठून आणू?” वैजनाथ मातीत काडीने रेघा ओढत होता. “तू पाहिलंस ना तिचा चेहरा? उंबऱ्यात आली तेव्हा?”

“पाहिला.” भालचंद्र म्हणाला, “माझा हात बटणावर होता रे. तू तालीम म्हणालास म्हणून दाबलं नाही.”

चंदेरी कागद डकवलेल्या दोन फळ्या लिंबाला टेकवून ठेवल्या होत्या. गावात विजेचे खांब आले होते, पण तार फक्त पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली होती. म्हणून अंगणातलं ऊन एका फळीने दाराकडे आणि दारातल्या दुसऱ्या फळीने माजघरात वळवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळभर त्यासाठी दोघे घामाघूम झाले होते.

“परवा संध्याकाळी कॅमेरा गाडीत चढलाच पाहिजे,” भालचंद्र म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग काय करायचं?”

“मळा धरायचा,” वैजनाथ म्हणाला आणि काडी मोडून टाकली.

*

रंगराव फाट्यावर एसटीतून उतरले आणि धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन गावाकडे चालू लागले. लग्न चांगलं झालं होतं. आंब्याचा रस चांगला होता. घरी जाऊन थंड पाणी प्यावं आणि ओसरीवर आडवं व्हावं, एवढंच मनात होतं.

अंगणात आल्यावर ते थांबले. शेणाने सारवलेल्या अंगणात रांगोळी होती. आणि फाटकापासून घराच्या दारापर्यंत कुंकवाची पावलं उमटली होती, लहान लहान, एकाआड एक, आत जाणारी.

आपल्याला ऊन लागलं असं त्यांना वाटलं. त्यांनी वर लिंबाकडे पाहिलं. लिंबोळ्या हिरव्या होत्या. म्हणजे वैशाखच. त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. पावलं होतीच. मग ते जोडे काढून त्या पावलांच्या कडेकडेने, एकही न पुसता, आत गेले.

माजघरात सगळे उभेच होते. सुभद्राबाई पुढे झाली.

“बसल्या त्या,” ती म्हणाली. “माह्या हातून. कोणाले काई बोलू नोका. जे बोलायचं ते मले बोला.”

रंगरावांनी टोपी काढली आणि आधी लांब पडून नमस्कार केला. उठायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी भिंतीशी उभ्या राहिलेल्या पुतण्याकडे पाहिलं.

“तुह्या शिनेमासाठी?”

“हाव, मोठेबाबा.”

“किल्ली?”

“म्या घेतली,” सुभद्राबाई म्हणाली.

“मंग झाला का शिनेमा?”

“नाई,” वैजनाथ म्हणाला. “तालमीतच बसल्या त्या. क्यामेरा बंद होता.”

रंगरावांनी पाटावरच्या मुखवट्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुण्याच्या पोराकडे पाहिलं. “म्हंजे,” ते एकेक शब्द तोलत म्हणाले, “महालक्ष्म्या बी बसल्या, अन् शिनेमा बी नाई झाला.”

मागे कोपऱ्यात इंद्रभानला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण तो आधीपासूनच खोट्यात कच्चा. रंगराव गर्रकन वळले. आता भडका उडणार म्हणून सोजराबाईने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

“हसतं काय बे?” रंगराव म्हणाले. “उद्या सोळा भाज्या कुठून आणतं ते सांग. वैशाखात काय दोडके लागून राह्यले का तुह्या बापाच्या वेलाले?”

“बाप तर एकच होय ना, भाऊ, आपला,” इंद्रभान म्हणाला.

आणि रंगरावांच्या मिशा हलल्या. हसले असं कोणी शपथेवर सांगितलं नसतं. पण सुभद्राबाईने श्वास सोडला तो सगळ्या माजघराला ऐकू आला.

*

उन्हाळ्यात भाजी काढणं माळ्याच्या घरालाही सोपं नसतं. विहिरीने तळ गाठलेला असतो, इंजिन अर्धी घटका चालून गुळण्या टाकायला लागतं. उजाडता उजाडता दोघे भाऊ मळ्यात गेले. रंगराव आपल्या वाफ्यांत, इंद्रभान आपल्या. धुऱ्याच्या या बाजूने एक आणि त्या बाजूने दुसरा, असे ते एकमेकांना ओरडून सांगत होते.

“वांगे हायेत.”

“माह्याइकडं भेंडी. गवार बी हाय थोडी.”

“कोहळं घरी हाय मागच्या सालचं. कांद्याची पात घेतो.”

“कारले घेता का?”

“कडू कायले? घे, घे. भाजीच होय ते.”

शेवग्याच्या शेंगा शेजारच्या रामरावाच्या बांधावरून आल्या. पालक, माठ, चवळी, टोमॅटो, दुधी, तोंडली, काकडी झाली. वाळवलेली अंबाडी चालते की नाही यावर दोघांचा वाद झाला आणि चालते असं ठरलं. तरी एक भाजी कमी पडली. रंगरावांनी टोपली पुन्हा उलटी करून पाहिली.

“पंधराच होतेत.”

“ढेमसे हायेत ना माह्याइकडं,” इंद्रभान म्हणाला. “त्या टोकाले. पण वेल दाट हाय, तुमाले बरे निवडता येतीन. मले कवळं-जून कळत नाई.”

तो माळ्याचा मुलगा होता. त्याला कळत नाही असं कसं होईल? रंगराव क्षणभर धुऱ्यावर उभे राहिले. मग धोतर सावरून पलीकडे उतरले. वेलाशी बसून त्यांनी एकेक ढेमसं नखाने टोचून पाहिलं.

“पाणी कमी देऊन राह्यला तू याले,” ते मान वर न करता म्हणाले.

“हाव.”

“सकाळी देत जाय. संध्याकाळी देलं म्हंजे फुलं गळतेत.”

“हाव, भाऊ.” इंद्रभान शेजारी बसला. “तुमी पोट्ट्याले परत बलावता का?”

“म्या कुठी बलावलं? शब्द त्यानं देला.”

“त्यानंच देला. पण तुमचं तोंड पाहून.”

रंगरावांनी टोपलीत ढेमसं टाकलं. “मले पोरगं नाई, इंद्रभान. हे दोन्ही तुकडे त्याचेच होणार. तो पुण्यात राह्यला तर इथी कोण?”

इंद्रभानने वेलाखालचं एक ढेमसं तोडून त्यांच्यापुढे धरलं. मग उन्हं वर आली तसे टोपली दोघांत धरून घराकडे निघाले. अंगणात शिरताना त्यांना असं एक टोपली दोन्हीकडून धरलेलं पाहून सोजराबाईने आपल्या चुलीतला विस्तव काढला आणि जावेच्या चुलीत नेऊन घातला. स्वयंपाक एकाच ठिकाणी झाला.

दुपारी गावातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. शेजारची झुंबरबाई दारातूनच ओरडली, “काय व सुभद्रे, तुह्या महालक्ष्म्या वाट चुकल्या का काय?”

“उन्हायाच्या सुट्टीत आल्या,” सुभद्राबाई म्हणाली. “भादव्यात लय गर्दी राह्यते म्हणे.”

पाहुणा म्हणून भालचंद्रला पहिल्या पंगतीत बसवलं. तुपाची वाटी त्याने दोनदा नको म्हटली आणि दोनदा ती भरली गेली. वैजनाथ जेवत होता, पण पोळी बोटांत तशीच राहत होती. समोर बसलेल्या रंगरावांनी ते पाहिलं. आंधळ्या म्हाताऱ्याचं काम करणारा पोरगा त्यांना आठवला. इतकी वर्षं त्यांना फक्त तांब्या घेऊन चढलेली बायको आणि हसणारी शाळा आठवायची. पोराने डोळे न उघडता विचारलेलं ते ‘कोण होय व तू, माये?’ आज पहिल्यांदा आठवलं. मग सगळे कसे गप्प झाले होते, तेही.

“जेव बे,” ते म्हणाले. “तुह्या पायी झालं हे सारं, अन् तूच उपाशी राह्यतं.”

पानं उचलल्यावर ते ओसरीवर बसले आणि उद्याची व्यवस्था सांगू लागले. “उद्या रीतसर निरोप देऊ. घाई नोको. सुभद्रे, मांगं मांगं जाताना पायाखाली पाह्य, मागच्या साली तू उंबऱ्याले अडखळली होती.”

“मागे मागे म्हणजे?” भालचंद्रने विचारलं.

“म्हंजे हिच्या हातात मुखवटे राह्यतेत,” रंगराव म्हणाले, “अन् ही घराकडं तोंड करून उलट्या पावलानं दाराबाहेर जाते. तुळशीलोक. आमच्या घरची रीतच होय ती. माहेरवाशिणीनं जाताना घराले पाठ दाऊ नाई. पाह्यत पाह्यत जाव.”

“वा,” भालचंद्र म्हणाला. “म्हणजे नुसतं पाहिलं तर आत येताना जसं तसंच. फक्त पावलं उलटी.”

वैजनाथ भिंतीला टेकून बसला होता. तो हळूहळू सरळ झाला. दरवर्षी पाहिलेली गोष्ट. लहानपणी तो याच उंबऱ्यात उभा राहून ‘आता उंबरा आला, मोठी माय’ असं ओरडायचा.

“भालचंद्र,” तो म्हणाला, “पुन्हा बोल.”

भालचंद्रने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यालाही कळलं होतं.

“आत माजघरात कॅमेरा ठेवायचा,” वैजनाथ भराभर बोलायला लागला, पुण्याची आणि वडनेरची भाषा एकमेकींत मिसळत. “दाराकडं तोंड करून. मोठी माय आपल्यापासून लांब लांब जाते, चेहरा आपल्याकडं. अन् पुण्याले जाऊन ती पट्टी शेवटाकडून सुरुवातीकडं छापली...”

“तर ती दारातून आत येईल,” भालचंद्र म्हणाला. “सरळ पावलांनी.”

“काय म्हणून राह्यले हे?” सुभद्राबाईने सोजराबाईला विचारलं.

वैजनाथने सुभद्राबाईच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत दाखवली. “हे पाह्य, मोठी माय. पिच्चर म्हंजे फोटोची माळ. एकामांगं एक मणी. या टोकाकडून ओढली तर बाई दाराबाहेर जाते. त्या टोकाकडून ओढली तर तीच बाई घरात येते.”

“म्हंजे गेलेलं माणूस परत येते?” रंगरावांनी विचारलं.

“शिनेमात येते, मोठेबाबा.”

सुभद्राबाईची शंका वेगळी होती. “पण हे खोटं नाई ना रे? मले खोटं जमत नाई.”

“तुले काईच करायचं नाई. तू खरंच निरोप दे. बाकी मी पाह्यतो.”

“धूप नको हं,” भालचंद्र म्हणाला. “नाहीतर पडद्यावर सगळा धूर परत येऊन उदबत्तीत शिरेल.”

यावर इंद्रभान इतका हसला की त्याला ठसका लागला आणि या वेळी तो खरा होता.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. कुंकवाची पावलं अजून जमिनीवर होती, आत येणारी. त्यांच्या कडेने सगळे चालत होते.

अंगणातली फळी इंद्रभानने धरली. दारातली फळी धरायला गावातून कोणाला तरी बोलवावं असं चाललं होतं, तेवढ्यात रंगराव म्हणाले, “दे इकडं.” दाराशेजारच्या कोनाड्याशी पाय रोवून ते उभे राहिले. अंगणातलं ऊन इंद्रभानच्या फळीवरून त्यांच्या फळीवर आलं आणि तिथून माजघरात, सुभद्राबाईच्या चेहऱ्यावर. सारं आयुष्य अंधाऱ्या माजघरात वावरलेली ती बाई उजेडात आली. सोजराबाईला जावेचा चेहरा कोणी पहिल्यांदा दाखवल्यासारखं वाटलं.

“मोठेबाबा, हालू नोका,” वैजनाथ म्हणाला.

“मी नाई हालून राह्यलो, सूर्य हालून राह्यला.”

सोजराबाई दाराबाहेर उभी होती, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, जावेची पाठ उंबऱ्याजवळ आली की हाताने सांगायला. आज ताट वाजवायचं नव्हतं. एवढं शांत तिने ते माजघर कधी पाहिलं नव्हतं. फक्त भालचंद्रच्या कॅमेऱ्याची घरघर चालू झाली, शिवणयंत्रासारखी.

निरोपाच्या अक्षता पूजेतच पडल्या होत्या. सुभद्राबाईने मुखवटे उचलून छातीशी धरले आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. कॅमेरा आहे हे ती केव्हाच विसरली होती. ती आपल्या घराकडे पाहत होती. रिकाम्या पाटांकडे, दोन घरांची भांडी एका रांगेत लागलेल्या मांडणीकडे, पोटच्या पोरासारख्या त्या पोराकडे, जो आज संध्याकाळी जाणार होता. तिचे डोळे भरले. पण पुसायला हात मोकळे नव्हते. सोजराबाईचा तळवा पाठीला लागला तशी तिने पाय उचलून उंबरा ओलांडला आणि ती उन्हात गेली.

घरघर थांबली.

“झालं?” रंगरावांनी विचारलं. फळी त्यांनी अजून तशीच धरली होती.

वैजनाथने भालचंद्रकडे पाहिलं. भालचंद्रने मान हलवली. या वेळी त्याचा हात बटणावर होता आणि त्याने ते दाबलं होतं.

“झालं,” वैजनाथ म्हणाला आणि त्याने त्यांच्या हातातली फळी घेतली. बाहेर तुळशीपाशी सुभद्राबाई विचारत होती, “बरोबर गेली का रे मी?” आणि इंद्रभान फळी टाकून मोठ्याने सांगत होता, “गेल्या नाई, वहिनी, आल्या!”

*

संध्याकाळी बैलगाडी फाट्यापर्यंत सोडायला जुंपली होती. कॅमेऱ्याची पेटी घोंगडीत गुंडाळून मधे ठेवली होती. भालचंद्रच्या पिशवीत सुभद्राबाईने इतक्या पुरणपोळ्या कोंबल्या होत्या की त्याने आपले कपडे हातात घेतले होते.

वैजनाथ मोठेबाबांच्या पाया पडला आणि उठता उठता थांबला.

“मोठेबाबा, म्या शब्द देला होता. हे पास नाई झालं तर...”

“तू देला होता,” रंगराव म्हणाले. “म्या घेतला कुठी?”

वैजनाथने पुन्हा वाकून त्यांचे पाय धरले.

“मळा मी पाह्यतो. हा बी हाय.” त्यांनी इंद्रभानकडे बोट दाखवलं. “त्याले पाणी कवा द्यायचं ते कळत नाई, पण सांगतलं म्हंजे ऐकते. तू जाय. पण एक ध्यानात ठेव. घराले पाठ दाऊ नको.”

वैजनाथ हसला. मग पिशवी खांद्याला लावून तो खरोखरच दाराकडे वळला नाही. माजघराकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जाऊ लागला. कुंकवाची पावलं आत येत होती आणि तो त्यांच्या कडेने बाहेर जात होता.

“उंबरा आला रे,” सुभद्राबाई म्हणाली. उशीर झाला होता. त्याची टाच अडकली, पिशवी एकीकडे गेली, तो दुसरीकडे, आणि भालचंद्रने दंड धरला म्हणून वाचला. सगळं घर हसलं. रंगरावही हसले, या वेळी कोणीही शपथेवर सांगितलं असतं.

“थांबा थांबा,” वैजनाथ पिशवीची धूळ झटकत म्हणाला. “बरोबर नाई झालं. पुन्यांदा करतो.”

“आता कायचं पुन्यांदा?” सुभद्राबाई म्हणाली. तिची मूठ उघडली होती आणि त्याच्या केसांत, खांद्यावर, पिशवीवर तांदळाचे दाणे पडले होते. “टाकल्या म्या अक्षता.”